न निवणारी काच

समोर काचेचं काहीही आलं की काका ते आधी गालाला लावीत. हॉटेलातला चहाचा पेला असो, कंदिलाची काच असो, नाहीतर माझा चष्मा असो. गालाला लावायचं, नखाने एक टिचकी मारायची, डोळे मिटून तो बारीक आवाज संपेपर्यंत थांबायचं आणि मग निकाल द्यायचा. "निवली," किंवा "निवाक नाय." तिसरा निकाल नव्हता. आपला चहा तोवर गार होऊन जाई, पण त्याची तक्रार त्यांच्याकडे चालत नसे.

माझा चष्मा त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केला. नाकावरून काढून घेतला, टिचकी मारली आणि परत माझ्या नाकावर बसवत म्हणाले, "सांबाळून वापरा, मास्तरानू. निवाक नाय." तेव्हा आमची धड ओळखही झाली नव्हती. मी मनात म्हटलं, हा गृहस्थ एक तर वेडा आहे किंवा चष्म्यांचा व्यापारी. दोन्ही अंदाज चुकले. चष्मा मात्र पुढल्याच महिन्यात टेबलावर ठेवल्या ठेवल्या तडकला. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणायला लागलो.

एकाच वस्तूला सगळा जन्म वाहिलेला असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुणाला बैल कळतात, कुणाला होड्या. यांना काच कळत होती. मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं त्यांनी काच फुंकून उपकरणं घडवली होती आणि नोकरीची बरीच वर्षं शिल्लक असताना एका चतुर्थीला जे मालवणला घरी आले, ते परत गेलेच नाहीत. हे एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी त्याच सुमाराला सावंतवाडीहून मालवणच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला गेलो होतो आणि माझी खोली त्यांच्या घरापासून दोन गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, सोडून होती.

'निवणे' हा शब्द काही त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नव्हे. आमच्याकडे भात निवतो, पेज निवते, रागावलेला माणूसही निवतो. गार होणं, शांत होणं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांच्या कामात या शब्दाला फार मान होता. तापवून घडवलेली काच घाईने गार झाली तर तिच्या पोटात ताण राहून जातो. वरून काही दिसत नाही. पण एके दिवशी, कुणी हातही लावलेला नसताना, ती तडकते. म्हणून घडवून झालेली काच पुन्हा तापवायची आणि धीराने, तासचे तास, हळूहळू गार होऊ द्यायची. याला ते 'निववणं' म्हणत. "घडवक कोणय शिकता," ते मला सांगत, "निववक धीर लागता. तो धीर ज्येका नाय, तेणी बांबू फोडूचे."

बाजारात कंदिलाची काच घ्यायला ते गेले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडत. एकदा मी बरोबर होतो. एक काच गालाला, टिचकी, "निवाक नाय." दुसरी, तिसरी, चौथी, फळीवरची ओळच्या ओळ नापास. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही आपल्या हातातल्या काचा हळूच खाली ठेवल्या. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "काकानू, तुमी उद्या सकाळी दुकान उघडूच्या आदी येवा. अशान माझो धंदो निवतलो!"

काका जोरात हसले. "तो बरो निवतलो. तू घाय करू नको."

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक लांब टेबल आणि स्पिरिटचे तीन दिवे. काचेच्या नळ्या मुंबईहून येत आणि त्यातल्या निम्म्या वाटेतच मोडत. एवढा मोठा कारागीर दोन गडग्यांपलीकडे राहतो म्हटल्यावर मी हावरेपणाने त्यांच्याकडे गेलो. ते यायला तयार झाले, पण एक अट घातली.

"येतंय. पण आगीक मी हात लावचंय नाय."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते खरंच आले, दिव्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले. नळी मी धरायची, तापवायची मी, चटके खायचे मी आणि शिव्याही मीच खायच्या.

"फिरवा! फिरवा, मास्तरानू, काच म्हणजे पापड न्हय, एका बाजून भाजूक. आता वाकवा. तसा नाय! निजलेल्या पोराची मान उचलतत, तशी."

मी मान उचलली ती शेवग्याची शेंग झाली. काकांनी ती गार झाल्यावर गालाला लावली, टिचकी मारली. "निवाक नाय," ते म्हणाले आणि थोडं थांबून, "आनि निवची नाय." ती शेंग मी कित्येक दिवस टेबलावर ठेवली होती.

ते आगीला हात का लावत नाहीत, हे मी दोन-तीनदा विचारलं. "डोळे गेले," म्हणाले. पण त्याच संध्याकाळी पडवीत बसून काकींना सुईत दोरा ओवून देताना मी त्यांना पाहिलं. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मुंबईच्या पाण्याने त्यांचं पोट बिघडलं, म्हणून नोकरी सोडून आले. आणि ते खरंही वाटायचं, कारण त्या घरात काकांसाठी निराळं जेवण व्हायचं. मालवणच्या माणसाच्या ताटात मिरची नाही, माशाची आमटी नाही. नुसती मऊ पेज आणि मुगाचं पाणी. पोटाचा आजार असल्यावर हात का काखेत धरायचे, हे मात्र मला सुटेना.

शाळेत येऊन बसायची त्यांना सवय लागली. दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर ते असत. एकदा मी अकरावीच्या वर्गाला उष्णता शिकवत होतो. पदार्थाचे कण सतत हलत असतात आणि ती हालचाल म्हणजेच उष्णता. पदार्थ थंड करत गेलं की हालचाल कमी कमी होत जाते. आणि शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांपर्यंत पोचलं की, मी हात वर करून जरा नाटकीपणाने सांगितलं, विश्वात सगळं स्तब्ध!

मागून आवाज आला. "काच सोडून."

वर्ग खो खो हसला. मी मास्तर, भर वर्गात अशी दुरुस्ती मला कशी रुचावी? मी म्हणालो, "काका, हे पुस्तकात आहे."

"पुस्तकातली काच कोणी फुकलेली?" त्यांनी विचारलं.

मी फळ्याकडे वळलो. तास संपला, मुलं गेली, आणि मी तणतणत मागच्या बाकापाशी गेलो. ते बाहेर माडांकडे बघत बसले होते. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी काकींनाही कधी सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळेत त्यांचे एक साहेब होते, दक्षिणेकडचे, इंग्रजीत बोलणारे. ते हेलियम नावाच्या वायूचं पाणी करीत. "तां पाणी इतक्या थंड," काका म्हणाले, "की बरफ तेच्याफुडे निखारो." दोनशे त्र्याहत्तरला अवघे दोन-चार अंश कमी, इतकं थंड. ते ठेवण्यासाठी दुहेरी भिंतींची भांडी लागत आणि ती फक्त काकांनी फुंकलेली चालत. मग साहेबांनी निरनिराळे पदार्थ त्या थंडीत घालून त्यांची उष्णता मोजायला घेतली. गारगोटीचा स्फटिक घातला, तो साहेबांच्या गणिताप्रमाणे निमूट थंड झाला. मग काकांकडून बोटभर लांबीची काचेची कांडी करून घेतली.

"ती थंड होयना," काका म्हणाले. "जितकी उष्णता भायर येवक होयी, तेच्यापेक्षा जास्त येवक लागली. थोडी थोडी, पण थांबना. चार दिवस साहेब बघी होते. मग येंगुर्ल्याचो एक स्टोअरकीपर होतो, तो माझ्याकडे इलो. सगळ्या कामगारांसमोर माका सांगता, 'साहेब म्हणतत, तुमची काच निवाक नाय.'"

 माडांवरून कावळे ओरडत होते.

"वीस वर्सां, मास्तरानू. एक भांडां माझां परत येवक नाय. आनि ती कांडी मी आठ दिवस निवयलेली. आठ दिवस!"

त्यांनी कुणाला जाब विचारला नाही. चतुर्थीची रजा लिहून दिली, एप्रन घडी करून ठेवला, बोटीत बसले आणि घरी आले. आग तिथेच सोडली, असं ते म्हणाले. 'निवाक नाय' हा शेरा ज्याच्या कामावर पडला त्याने पुन्हा आगीपुढे बसायचं नाही.

मला एकदम उमगलं आणि उमगल्यावर हसू की रडू असं झालं. साहेब इंग्रजीत एवढंच म्हणाले असणार की काच थंड होत नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाने ते आपल्या बोलीत आणलं. भात निवला नाही म्हणतात तसं, काच निवाक नाय. त्याचं भाषांतर अगदी चोख होतं. ऐकणारा मात्र जगातला असा एकच माणूस होता की ज्याच्या लेखी त्या दोन शब्दांचा अर्थ 'तुझं काम खोटं' असा होता.

मी तसं बोलून दाखवलं तर ते माझ्यावरच उखडले. "निवणां म्हणजे काय, तां तुमी माका शिकवतालात?" म्हणाले आणि छत्री उचलून चालते झाले.

तेव्हा मी एक आगाऊपणा केला. त्यांना न विचारता त्या साहेबांना पत्र लिहिलं. माझं इंग्रजी तेव्हा शाळेपुरतंच होतं. त्या एका पानासाठी मी चार रविवार घालवले. कांडीबद्दल ते नेमकं काय म्हणाले होते आणि काच खरोखर सदोष होती का, एवढंच विचारलं. पत्र पेटीत टाकलं आणि मगच मला शंका आली. साहेबांनी उत्तर दिलं की हो, कांडी नीट निववलेली नव्हतीच, तर? मग तो कागद घेऊन मी कुठल्या तोंडाने दोन गडगे ओलांडणार होतो? काका निदान रागावर तरी जगत होते. मी तोही काढून घेणार होतो.

दीड महिन्याने उत्तर आलं. टाइप केलेली दोन पानं. मी ती शाळेच्या पायरीवरच वाचली आणि तसाच, छत्री वर्गात विसरून, त्यांच्या घराकडे धावलो.

काकी पडवीत कुळीथ पाखडत होत्या. काका झोपाळ्यावर होते. "साहेबांचं पत्र आहे," मी म्हणालो. ते उठले, आत गेले. आत गडव्याने पाणी पिण्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाठ करून बसले.

"वाचा."

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. साहेबांनी लिहिलं होतं की या कारागिराला आम्ही वर्षभर शोधलं, पण कचेरीत त्यांचा फक्त मुंबईच्या खोलीचा पत्ता होता आणि तिथे दुसरं बिऱ्हाड आलं होतं. कांडी थंड होत नाही, असं मी म्हणालो होतो. ती वाईट घडवली आहे, असं कधीही म्हणालो नाही. उलट, प्रयोगाआधी मी तिला ताण तपासायच्या दोन खास भिंगांमध्ये धरून पाहिलं होतं. काचेत ताण असला की त्या भिंगांतून रंगांचे पट्टे दिसतात. या कांडीत एकही पट्टा नव्हता. ती उत्तम निववलेली होती. इतकी चांगली निववलेली काच माझ्या हातात दुसरी आलेली नाही.

काका हलले नाहीत. "परत वाचा," म्हणाले.

मी परत वाचलं.

"इंग्लिशीत काय लिवलां? तसांच्या तसां सांगा."

"वेल अ‍ॅनील्ड."

"म्हणजे?"

"म्हणजे चांगली निववलेली."

"तां खंयच्या वळीत आसा?"

मी दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला. इंग्रजीचं अक्षरही त्यांना येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी दुसरीकडे पाहिलं. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली!

तेवढ्यात सूप आपटल्याचा आवाज झाला. काकी उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे तुमी रुसान इल्लात?"

काका कागदाची घडी घालू लागले.

"माका सांगलात, पोट बिघाडलां! चार वर्सां मी तुमका बिनमिरचेची पेज घालतंय! मुगाचां पाणी!"

"आता सांगलेला तां निभावक नको?" काका पुटपुटले.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. काकी रागाने आत गेल्या, पण आत जाता जाता त्यांचाही पदर तोंडाला गेलेला मी पाहिला. चार वर्षं हा मनुष्य बांगड्याचा वास घेत घेत मुगाचं पाणी प्यायला होता, एका खोट्याची लाज राखायला. त्या संध्याकाळी त्या घरात बांगड्याचं तिखलं झालं आणि काकांनी ते इतकं ओरपलं की दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट खरंच बिघडलं.

पोट बरं झाल्यावर त्यांना माझा राग आला. "तुमका लिवक कोणी सांगलेल्यान?" एवढं विचारून त्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी मात्र ते शाळेत हजर. "पत्राचां दुसरां पान रवलां वाचूचां," म्हणाले.

दुसऱ्या पानावर साहेबांची विनंती होती. परदेशी बनावटीची काचही त्यांनी त्या थंडीत घालून पाहिली होती आणि तीही तशीच वागत होती. पण लोक म्हणत होते, काचेत अशुद्धता असेल, घडवण्यात कसर राहिली असेल. म्हणून काकांनी तीन कांड्या कराव्यात, हव्या तितक्या वेळ निववाव्यात. त्यांच्या हातच्या कांड्याही गणिताप्रमाणे थंड झाल्या नाहीत, तर घडवणाऱ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा उरणार नाही.

काकांनी हे तीनदा ऐकलं. मग हळूच विचारलं, "आनि थंड झाल्यो तर?"

  थंड झाल्या, तर पहिली कांडीच खोटी ठरणार होती, भिंगांतून काहीही दिसलेलं असो.

मुंबईहून काचेचं पार्सल आलं. काकांनी सोनाराकडून भाता आणि फुंकणी मागून आणली, मागच्या अंगणात पाट टाकला आणि चार वर्षांनी आगीपुढे बसले. त्या हातांचं काम मी पहिल्यांदाच पाहत होतो. काच लाल झाली, मऊ झाली, आणि त्या जाड जाड बोटांत ती अशी फिरू लागली की मला माझ्या शेवग्याच्या शेंगेची आठवण होऊन शरम वाटली. निववायला इथे विजेची भट्टी कुठली? त्यांनी लोखंडी डब्यात कांड्या ठेवल्या, डबा भाताच्या तुसाच्या धुमसत्या ढिगात पुरला आणि दर थोड्या वेळाने ओंजळभर तूस बाजूला करायचं, असं काम दहा दिवस केलं. त्या दहा दिवसांत अंगणातून कुणी पाय आपटत गेलं की ते ओरडत. काकींना नारळ पाडून घ्यायचीसुद्धा बंदी होती.

"आयुष्यात पयल्यांदा," ते मला म्हणाले, "देवाक सांगतंय, देवा, मी निवयतंय, पण तू हेंका थंड करू नको."

कांड्या तयार झाल्यावर पोस्टावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ कसालहून एस.टी.ने मुंबईला निघणार होते, त्यांच्या हाती द्यायचं ठरलं. काथ्यात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन काका मालवणहून कसालच्या गाडीत बसले. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, त्या गाडीने कसाल गाठायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेतला. प्रत्येक खड्ड्याआधी काका ड्रायव्हरला हाक मारीत. एक मासळीवाली बाई शेवटी म्हणाली, "काय रे बाबा, पेटयेत बाळ आसा काय?"

"बाळ पडला तर रडता तरी," काका म्हणाले. "हेका रडूक येवचां नाय."

त्यावर अख्खी गाडी पेटीची काळजी करू लागली. कसालच्या अलीकडच्या वळणावर तर एका म्हाताऱ्याने पेटीला आपला हातही लावून धरला.

मग वाट पाहणं. दोन महिने काका रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर उभे. मला विचारीत, "साहेब मोजतत तरी काय इतक्या दिवस?" आणि एकदा, अगदी खालच्या आवाजात, "मास्तरानू, कांड्यो थंड झाल्यो आसतल्यो काय हो?" इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उत्तर चार ओळींचं होतं. तिन्ही कांड्या भिंगांत निर्दोष. तिन्ही, त्या थंडीत, गणितापेक्षा जास्त उष्णता धरून राहिल्या. पहिलीसारख्याच, परदेशी काचेसारख्याच. हा काचेचाच स्वभाव आहे आणि तो असा का, हे आम्हांला अजून कळलेलं नाही. कारागिराला माझा नमस्कार सांगा.

काका ते ऐकून आधी हसायला लागले आणि मग थांबेचनात. "म्हणजे निवली! निवली, पण गप रवाक नाय!" मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण मास्तरानू, म्हणजे माझी काच आनि विलायतेची काच सारखीच?" इतकी वर्षं निर्दोष ठरण्यासाठी झुरलेला माणूस आता आपली काच चारचौघींसारखी निघाली म्हणून हिरमुसला होता. मी त्यांना दोन कप चहा पाजला.

त्यानंतर त्यांनी आमच्या शाळेची सगळी मोडकी काच दुरुस्त केली. पुढच्या चतुर्थीला गणपतीवर फळं टांगायच्या लाकडी चौकटीला, माटवीला, त्यांनी काचेची फळं करून बांधली: सुपाऱ्या, कवंडळं, एक हिरवं तोरिंजण. "तुमच्या सावंतवाडीवाल्यांनी करूचीत लाकडाची," मला चिडवून म्हणाले. गाव बघायला लोटला. साहेबांनी परत बोलावलं होतं, पण ते गेले नाहीत. आता मिरची सुटत नाही, असं कारण त्यांनी कळवलं.

माझी बदली झाली. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने, ते गेले. मला कळलं तेव्हा बारावाही होऊन गेला होता.

आणखी काही वर्षांनी त्या कोड्याचं उत्तर माझ्या वाचनात आलं. स्फटिकात कण पंगतीला बसल्यासारखे असतात, प्रत्येकाचं पान ठरलेलं. काचेत मात्र ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसलेला. त्यामुळे त्यातल्या काहींना अगदी लगतच्या दोन जागा सारख्याच सोयीच्या पडतात, आणि मध्ये आडवा गडगा. एवढ्या थंडीत गडगा चढायची ताकद कुणातच नसते. तरीही ते कण या जागेतून त्या जागेत जातात, गडगा न चढताच. आपल्या जगात असं होत नाही, त्या बारक्या जगात होतं. या येण्याजाण्यातच ती जास्तीची उष्णता दडलेली असते. काच निववून ताण काढता येतो, हे येणंजाणं काढता येत नाही.

हे सांगायला मला कुणीच नव्हतं. म्हणून मी मालवणला गेलो आणि काकींना सांगितलं. पंगत सांगितली, गडगा सांगितला. त्या पडवीत बसून सगळं शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे कितीय निवयली, तरी?"

"कितीही निववली तरी, काकी. जगातल्या कुणीही."

"आनि तेंचो दोष?"

"काडीचाही नाही."

"तां माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या. "रोज तिनीसांजेक दाखयत माका."

त्या आत गेल्या आणि देवघरातून साहेबांचं ते पहिलं पत्र घेऊन आल्या. घड्यांवर कागद फाटला होता, मागून पट्टी लावलेली होती. काकींना मराठीही वाचता येत नाही. त्यांनी पत्र माझ्यासमोर धरलं, दहाव्या का बाराव्या ओळीवरून बोट नेलं आणि मध्येच थांबवलं.

"ह्यां बघा. वेल अनील."

बोटाखाली अक्षर उरलंच नव्हतं. आधी काकांच्या आणि मग काकींच्या बोटाने घासून घासून कागदाला तिथे भोक पडायला आलं होतं. दोन्ही बाजूंचे शब्द मी वाचून पाहिले. जागा बरोबर तीच होती.